निवारा नाही, ॲम्ब्युलन्स नाही. मग राज्यपातळीवरची प्राणी संस्था करते तरी काय?

प्रश्न विचारणारे सात-आठ जणांच्या एका गटातले आहेत. तालुक्याच्या गावात गेली चार वर्षं ते जखमी कुत्री, गाढवं, मोकाट गुरं यांच्यावर पदरमोड करून उपचार करतात. आता महाराष्ट्रभर काम करणाऱ्या एका प्राणी कल्याण संस्थेने त्यांना जिल्हा प्रतिनिधी होण्याबद्दल विचारलं आहे. त्यांची शंका अशी: "या संस्थेचा स्वतःचा निवारा नाही, ॲम्ब्युलन्स नाही. मुंबईत बैठका, नागपूरला निवेदनं, कोर्टात याचिका. यातून रस्त्यावरच्या जनावराला काय मिळतं? आमचा वेळ आणि लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा तिकडे वळवावा का?"

शंका रास्त आहे आणि एकेकाळी मलाही हीच होती. माझी पहिली आठ वर्षं निवाऱ्यात गेली. जखमा धुणं, सलाइनची बाटली धरून उभं राहणं, रात्री दोनला आलेला फोन उचलणं. पुढची चौदा वर्षं राज्यपातळीवरच्या धोरणाच्या कामात गेली. दोन्हीकडून पाहिल्यावर मी सांगेन की जरूर जा, पण गावातलं काम न सोडता. तुमच्या वहीतल्या नोंदी नसतील तर मुंबईतल्या बैठकीत त्या संस्थेकडे बोलायला काही नसतं. आणि ती बैठक झाली नाही तर तुमच्याकडे येणारं जनावर पुढच्या वर्षीही तशीच जखम घेऊन येत राहतं.

निवाऱ्यातून मला बाहेर काढलं ते एका बैलाने. ऊसतोडीचा हंगाम होता. खांदा सुजून फुटलेला, जू टेकवायलाही जागा नाही अशी अवस्था. मालक आमच्याकडे घेऊन आला तो रडत. आमच्या डॉक्टरांनी जखम साफ केली आणि पंधरा दिवस जुंपू नका म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर, मुकादमाची उचल घेतलीय. एक बैल बसला की जोडी बसली, जोडी बसली की आमचा कोयताच बसला." मुकादम म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल म्हणजे त्याने आधीच दिलेली आगाऊ रक्कम आणि कोयता म्हणजे ऊस तोडणारं जोडपं. तिसऱ्या दिवशी तो बैल पुन्हा गाडीला होता. मी चिडून साखर कारखान्याच्या गाडीतळावर, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात तिथे, गेलो आणि तिथे तसल्याच खांद्यांची रांग पाहिली. वजनकाट्यापाशी गाड्या तासन् तास उभ्या, कित्येक बैल जुंपलेलेच. पाण्याचा हौद होता, पण कोरडा. सावली कुठेच नाही. त्या आवारात क्रूर म्हणावा असा एकही माणूस मला दिसला नाही. दिसली ती टनावर मिळणारी मजुरी, आधीच खर्च झालेली उचल आणि रांगेत उभं राहण्याची सक्ती. हे ओझं शेवटी बैलाच्या खांद्यावरच येत होतं.

तो खांदा बरा करायला मलम पुरतं. ती रांग बदलायची तर कारखाना, साखर आयुक्तालय, पशुसंवर्धन विभाग, कामगारांच्या संघटना आणि पोलीस या सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं लागतं. एका तालुक्यातल्या गटाला कुणी तसं बसवू देत नाही. राज्यपातळीची संस्था लागते ती यासाठी.

आता ‘राज्य’च का, हे बघा. राज्यघटनेत प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे, १७ व्या क्रमांकाला. म्हणजे संसदेने कायदा केला तरी विधिमंडळाला त्यात राज्यापुरती दुरुस्ती करता येते. पशुधनाचं संवर्धन, जनावरांच्या रोगांना प्रतिबंध आणि पशुवैद्यकीय सेवा हे तर राज्य सूचीतलेच विषय. पोलीस राज्याचे, नगरपालिका आणि ग्रामपंचायती राज्याच्या कायद्याखालच्या. कायदा दिल्लीतून आला तरी तो पाळला जाईल की नाही, हे मंत्रालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि तुमच्या गावचं पोलीस ठाणं ठरवतं. फक्त दिल्लीकडे बघून काम करणाऱ्या संस्था इथेच कमी पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ कायदा १९६० चा, प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत असताना त्यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याची वाट निघाली, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षही त्याच झाल्या. कायद्याचा हेतू मोठा आहे, दात मात्र फार बोथट. कलम ११ खाली जनावराला मारहाण, अतिरिक्त ओझं, उपाशी ठेवणं यासाठी पहिल्या गुन्ह्याला आजही १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिक्षा वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्र सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांपुढे ठेवला होता, त्याचा कायदा झालेला नाही. दंड इतका किरकोळ असला की पुढे काय होतं ते तुम्ही पोलीस ठाण्यात अनुभवलं असेलच. कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र (एनसी), म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असे. हवालदार म्हणतो, "एनसी करून देतो." तो आळशी असतो म्हणून नव्हे. कायद्याने त्याच्या हातात दिलंय तेवढंच असतं, आणि बाकीची कलमं त्याला कुणी शिकवलेली नसतात.

ती बाकीची कलमं पोलिसांपर्यंत पोचवणं हे राज्यपातळीच्या संस्थेचं फार मोठं काम आहे, आणि त्याची बातमी कधीच होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३२५ खाली प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती आणि त्यांत प्राण्याची किंमत पाहिली जायची, १० रुपये की ५०. आता ती अट गेली. पण हे ठाणे अंमलदाराला सांगणार कोण? आम्ही एका पानाचा कागद तयार केला: कोणत्या प्रसंगी कोणतं कलम, पंचनाम्यात काय लिहायचं, शवविच्छेदनासाठी कोणत्या दवाखान्याला पत्र द्यायचं, जप्त जनावर कुठे ठेवायचं. तो कागद पोलीस अधीक्षकांच्या सहीने जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्यात जावा यासाठी एकेका जिल्ह्यात पाच-सहा खेपा घातल्या. एका ठाण्यात तो काचेखाली ठेवलेला दिसला तेव्हा मला कोर्टातल्या विजयाइतका आनंद झाला.

याला जोडूनच एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या गटाला ती आजच उपयोगी पडेल. १९६० च्या कायद्यातलं कलम ३६ म्हणतं की गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हायला हवा. आमच्या हातून चांगली प्रकरणं सुटली ती यामुळे. फोटो होते, साक्षीदार होते, पण ‘उद्या जाऊ’ म्हणता म्हणता मुदत टळली. आणि विषप्रयोगाच्या संशयात कुत्रं पुरून टाकू नका. पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पोलिसांमार्फतच जाऊ द्या. मनाला ते फार जड जातं, मला माहीत आहे. ज्याला रोज पोळी घातली त्याला टेबलावर ठेवायचं. पण त्या एका अहवालाशिवाय न्यायाधीशांपुढे फक्त आपला शब्द उरतो.

पुन्हा बैलांकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे. ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत आणि ते आश्चर्य वाटावं इतके नेमके आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. ज्या भागात पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. आर लावलेली पराणी, खिळे असलेलं जू वापरायला मनाई. किती वजन न्यायचं हे बैलाच्या आकारावर आणि गाडीच्या चाकांवर ठरवून दिलेलं आहे. साठ वर्षं हे नियम पुस्तकात आहेत. ज्या माणसाने ते पाळायचे त्या गाडीवानाच्या कानावर ते गेलेले नाहीत, आणि गेले तरी त्याच्या हातात काही नाही. गाडी अनेकदा कारखान्याची, दर टनावर, रांग काट्याची.

म्हणून आम्ही गाडीवानावर गुन्हे दाखल करण्याच्या मागे लागलो नाही. यावर आमच्याच लोकांत कडाक्याचं भांडण झालं. काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं, कायदा मोडला की गुन्हा, मग तो कुणीही असो. मी त्याच्या विरोधात होतो आणि आजही आहे. बीडहून सहा महिन्यांसाठी बिऱ्हाड उचलून आलेल्या माणसाचा बैल जप्त करून आपण बैलाचंही भलं करत नाही. बैल कुठे ठेवणार, चारा कोण घालणार, आणि हंगाम संपल्यावर तो कुठे जाणार? आमच्या मागण्या कारखान्याकडे आणि सरकारकडे होत्या: गाडीतळावर पाणी आणि सावली हवी, काट्यापाशी बैलगाड्यांची वेगळी रांग हवी, पोचल्यावर बैल सोडता आले पाहिजेत, हंगामभर पशुवैद्यक ठरलेल्या दिवशी यायला हवा, आणि या गोष्टी गाळप परवान्याच्या अटींत याव्यात. काही कारखान्यांनी पहिल्या तीन गोष्टी स्वतःहून केल्या. एका कार्यकारी संचालकांनी मला सांगितलं की हे त्यांना कुणी कधी मागितलंच नव्हतं. परवान्याच्या अटींसाठीचा पाठपुरावा मात्र वर्षानुवर्षं चालणारं काम आहे. या सगळ्यात ऊसतोड कामगारांच्या संघटना आमच्या बाजूने उभ्या राहिल्या, हे मी कृतज्ञतेने लिहितो. बैल दमला की माणूस बुडतो, हे त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं.

कोर्टाबद्दल लोकांना फार आकर्षण असतं. कोर्टाने महाराष्ट्रात मोठे बदल घडवले आहेत, यात वाद नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया म्हणजे घोडागाड्यांची हौशी फेरी बेकायदा ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल २०१५ च्या जूनमध्ये आला, आणि घोडागाडीवाल्यांच्या पुनर्वसनाचा विचार करायलाही न्यायालयाने सरकारला सांगितलं. जोतिबाच्या डोंगरावरचा ‘सुंदर’ हत्ती २०१४ मध्ये न्यायालयीन लढाईनंतरच बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टाला गेला. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवण्याची प्रथा थांबली तीही न्यायालयाच्या आदेशाने.

पण निकाल टिकतो तो गावाने स्वीकारला तरच. बैलगाडा शर्यतीचा प्रवास आठवा. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर या शर्यतींवरही बंदी घातली. आमच्या वर्तुळात पेढे वाटले गेले. २०१७ मध्ये महाराष्ट्राने समवर्ती सूचीतला तोच अधिकार वापरून कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. उच्च न्यायालयाची स्थगिती आली, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. जिंकलेली लढाई नऊ वर्षांत पूर्ण उलटली. त्या नऊ वर्षांत खेड, मंचर, जुन्नरच्या बैलगाडा मालकांशी बसून बोलणारे आमच्यात किती होते? फार थोडे. ते बैलाला पोटच्या पोरासारखं खाऊ घालतात आणि शर्यतीत त्याच बैलाला भीतीने धावायला लावतात, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपण फक्त दुसरी बोलत राहिलो.

आता शर्यत कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते, धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब चालत नाही, बैलाला इजा करणाऱ्याला ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे जी शिक्षा मूळ कायद्यात ५० रुपये होती ती इथे शर्यतीपुरती का होईना, लाखात गेली. शर्यतीला विरोध असलेल्या माझ्यासारख्यांनीही हे हत्यार वापरायला हवं. यात्रेच्या आधी अर्ज बघणं, घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पशुवैद्यक खरोखर हजर आहे का ते पाहणं, काठी किंवा विजेचा झटका दिसला तर तिथल्या तिथे तक्रार करणं. हे काम जिल्हा प्रतिनिधीच करू शकतो, मुंबईतला वकील नाही.

नांदणी मठाच्या हत्तिणीचं प्रकरण तर अजून ताजं आहे. २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवल्यावर महादेवी, लोकांची माधुरी, गुजरातला वनतारा या प्राणी केंद्रात नेली गेली, आणि कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर उतरला. तिच्या पायांच्या आणि सांध्यांच्या दुखण्याच्या नोंदी होत्या. तिला निरोप देताना रडणाऱ्या बायकांचं प्रेमही खोटं नव्हतं. मला वाटतं, एकट्या हत्तिणीने सिमेंटवर साखळीत आयुष्य काढू नये. पण ही गोष्ट गावाला कोर्टाच्या आदेशातून पहिल्यांदा कळणार असेल, तर आपण आपलं काम केलं नाही. कित्येक वर्षं आधी तिथे जाऊन, पशुवैद्यकाला सोबत घेऊन, तिच्या नखांकडे आणि तळपायांकडे बोट दाखवून बोलायला हवं होतं. आधी मातीचं अंगण, साखळीतून सुटका, पाण्याचा डोह, इतकं तरी गावाबरोबर करता आलं असतं.

विधिमंडळाचं काम बाहेरून निवेदनबाजी वाटतं. आत काय चालतं ते सांगतो. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. त्याआधी काही आठवडे आम्ही आमदारांना भेटतो, सर्व पक्षांच्या. त्यांना एका पानाचा कागद हवा असतो, त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या उदाहरणासह. ते उदाहरण तुमच्यासारख्यांकडून येतं. त्यातून तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न तयार होतो, कधी लक्षवेधी सूचना. मंत्र्यांचं उत्तर बहुधा गुळमुळीत असतं, पण माझ्या मते प्रश्नाची ताकद उत्तरात नसतेच. प्रश्न स्वीकारला गेला की विभागाकडून जिल्ह्याजिल्ह्याला माहिती मागवणारं पत्र सुटतं. जिल्ह्यात कुणीतरी ती फाइल उघडतं, कदाचित पाच वर्षांत पहिल्यांदा.

अशीच एक फाइल जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीची. २००१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात ही सोसायटी असायलाच हवी. मुंबईत अशी सोसायटी १८७४ पासून आहे. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तिचंच. म्हणजे कल्पना आपल्याकडे दीडशे वर्षं जुनी. आम्ही माहितीच्या अधिकारात जिल्ह्याजिल्ह्यांना विचारलं: शेवटची बैठक कधी झाली, किती निधी मिळाला, किती तक्रारी आल्या? कित्येक ठिकाणांहून एका शब्दाचं उत्तर आलं, "निरंक", म्हणजे काहीच नाही. त्या ‘निरंक’ची चळत घेऊन आम्ही सचिवांपुढे बसलो. त्यानंतर काही जिल्ह्यांत बैठका सुरू झाल्या. बैठक झाली की इतिवृत्त होतं, इतिवृत्त झालं की पुढच्या वेळी विचारायला जागा होते. तुमच्या जिल्ह्याच्या सोसायटीत अशासकीय सदस्य कोण आहेत ते आधी शोधा. जागा रिकामी असेल तर अर्ज करा.

भटक्या कुत्र्यांवर लिहायचं तर वेगळा लेख लागेल, म्हणून मोजकं. १० मार्च २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकतात: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, होतं तिथेच सोडा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर एकामागून एक आदेश दिले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा ठिकाणांहून पकडलेली कुत्री तिथे परत सोडू नयेत असं सांगितलं. नियमांवर वाद घालण्यात आपली शक्ती जाते, पण तालुक्यातली खरी अडचण साधी आहे. लहान नगरपालिकेकडे पशुवैद्यकाचं पद नसतं, शस्त्रक्रियेची खोली नसते, आणि निविदा काढली तरी कुणी भरत नाही. तीन-चार नगरपालिकांनी मिळून एक केंद्र चालवावं आणि जिल्हा नियोजन समितीतून त्याला पैसा मिळावा, हा मार्ग मला सगळ्यांत व्यवहार्य वाटतो. हा प्रस्ताव एक नगरपालिका एकटी मांडू शकत नाही. कुत्र्याने चावलेल्या मुलाच्या घरीही आपण जायला हवं. त्या आईचं दुःख ऐकून न घेता कुत्र्यांची बाजू मांडणारा कार्यकर्ता मला आमच्या संस्थेत नको आहे.

आणि एक गोष्ट ठामपणे. गुरांचे ट्रक रस्त्यात अडवायचे नाहीत. १९७८ च्या वाहतूक नियमांनुसार मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नेता येत नाहीत, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जनावरांसाठी वाहनात कप्पे लागतात. हे मोडलेलं दिसलं तर गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण टिपून पोलिसांना आणि परिवहन कार्यालयाला कळवा. माणसावर हात टाकणाऱ्यांच्या शेजारी एकदा जरी उभे राहिलात तरी तुमची पुढची दहा वर्षांची विश्वासार्हता जाते, आणि जनावराला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

आता पैसा. जखमी पिल्लाच्या फोटोवर रात्रीत देणग्या येतात. परिपत्रकाच्या पाठपुराव्यासाठी कुणी देत नाही, तरी त्यात एसटीचं भाडं, माहिती अधिकाराचे अर्ज, झेरॉक्स, वकिलाची फी, पशुवैद्यकाचा दिवस हे सगळं असतं. म्हणून लोकांनी उपचारासाठी दिलेला पैसा तिकडे वळवू नका. ज्या कामासाठी मागितला त्यातच तो खर्च झाला पाहिजे. संस्थेच्या जिल्हा कामाचा खर्च संस्थेनेच द्यावा, हे आधी लेखी ठरवा. तुमच्या गटाची नोंदणी नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे ती करून घ्या, दरवर्षी लेखापरीक्षण करा. बिननोंदणी गटाच्या पत्राला कार्यालयात कुणी आवक क्रमांकही देत नाही.

ही विशिष्ट संस्था चांगली आहे की नाही, ते तिच्या छायाचित्रांवरून ठरवू नका. त्यांना विचारा: गेल्या पाच वर्षांत मिळवलेला एक शासन निर्णय किंवा परिपत्रक दाखवा, आणि तो निघाल्यानंतर वर्षभराने कोणत्या तालुक्यात काय बदललं ते सांगा. पहिल्या भागाचं उत्तर बहुतेकजण देतात. दुसऱ्या भागावर जी संस्था ‘अमुक ठिकाणी झालं, अमुक ठिकाणी अजिबात झालं नाही, कारण हे’ असं बोलते, तिच्यासोबत जा. जिल्हा प्रतिनिधी म्हणजे फक्त कार्यक्रमाला गर्दी जमवणारा, असा त्यांचा समज दिसला तर नम्रपणे नाही म्हणा.

हो म्हणालात तर पहिलं काम लगेच सुरू करता येईल. तुमची चार वर्षांची वही काढा आणि प्रत्येक जनावरापुढे जागा, तारीख, वेळ, जखमेचा प्रकार आणि कारण असे रकाने भरा. तुमचा तालुका ऊसतोडीला माणसं पाठवणारा असेल तर दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतील. त्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा आणि निघणाऱ्या बैलांची खांदे, खुरं आणि लसीकरणाची तपासणी गावातच व्हावी म्हणून एक दिवस मागा. हंगाम संपून मंडळी परतली की तेच बैल पुन्हा तपासा. जाताना कसे होते आणि येताना कसे आले, याची एका तालुक्याची जरी लेखी नोंद तयार झाली तरी ती घेऊन मी स्वतः तुमच्याबरोबर पुण्याला साखर आयुक्तालयात येईन.